घडीची सायकल आणि किलो-दीड किलोची बॅटरी: निवड कशी करायची

वीस इंची चाकांची घडीची सायकल साधारण बारा-तेरा किलोची असते. पुढच्या चाकात दोन-सव्वादोन किलोची गिअरवाली हब मोटर, शिवाय कंट्रोलर, वायरी आणि सेन्सर चढले की काटा सोळाच्या आसपास जातो. त्यावर सायकल इलेक्ट्रिक करायच्या तयार किटमधली तीन-साडेतीन किलोची बॅटरी आली, की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या लिफ्ट नसलेल्या इमारतीचे तीन जिने चढताना सायकल घडीची घेतली तरी कशाला, असं वाटू लागतं. त्यामुळे बॅटरी लहान हवी, यात वाद नाही. पण मोठ्या बॅटरीला जे खपून जातं ते लहानीला खपत नाही, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते.

दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘किती किलोमीटर जाईल?’ मोठ्या बॅटरीला तो ठीक आहे. लहान बॅटरीला आधी विचारायचं ते हे: ‘सलग किती अँपिअर देईल?’ याचं उत्तर चुकलं, तर कागदावर वीस किलोमीटर जाणारी बॅटरी टेंबलाईच्या चढावर अर्ध्यात मान टाकते. सपाटीवर आलं की पुन्हा चालू होते. मग दोष मोटरला दिला जातो.

सुरुवात कंट्रोलरच्या लेबलपासून

मोटरवर २५० वॉट लिहिलेलं असतं, पण बॅटरीकडून करंट किती ओढायचा हे कंट्रोलर ठरवतो. त्याच्या लेबलवर तीन आकडे शोधा: व्होल्टेज (बहुधा ३६), कमाल करंट (लहान किटमध्ये साधारण १४ ते १५ अँपिअर) आणि कमी व्होल्टेजला बंद होण्याची पातळी (३० ते ३१.५ व्होल्टच्या दरम्यान). ३६ गुणिले १५ म्हणजे ५४० वॉट. उभ्याने सुटताना आणि चढावर २५० वॉटची मोटर बॅटरीकडून एवढं मागते. बॅटरी निवडायची ती या १५ अँपिअरसाठी.

लेबल पुसलं असेल तर वायरीच्या मध्ये बसणारा वॉटमीटर लावा, पुढचं चाक भिंतीला टेकवून ब्रेक हलके दाबा आणि क्षणभर थ्रॉटल (हँडलवरचा ॲक्सिलरेटर) देऊन कमाल आकडा वाचा. ब्रेकला सेन्सर असेल तर त्याची पिन आधी काढावी लागेल, नाहीतर मोटर सुरूच होणार नाही. दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ हे करू नका.

२४ व्होल्टच्या किटला सेल कमी लागतात, पण तेवढ्याच ताकदीसाठी करंट दीडपट होतो, आणि लहान पॅकला नेमका तोच जड जातो. ४८ व्होल्टला तेरा सेल एकामागे एक जोडावे लागतात, म्हणजे पॅक लांबतो. २५० वॉटसाठी ३६ व्होल्ट, म्हणजे दहा सेलची माळ, हेच सोयीचं. कायद्याच्या दृष्टीनेही इथेच थांबलेलं बरं. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे तीस मिनिटांची पॉवर ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तरच लायसन आणि नोंदणीतून सूट मिळते.

गरज वॉट-अवरमध्ये मोजा

नुसते एएच (अँपिअर-अवर) सांगणाऱ्यावर विसंबू नका. व्होल्ट गुणिले एएच म्हणजे वॉट-अवर, आणि तोच खरा साठा. पायडल मारत ताशी वीसच्या आसपास चालवलं तर घडीच्या सायकलला किलोमीटरमागे ८ ते १२ वॉट-अवर लागतात. नुसत्या थ्रॉटलवर बसून गेलात तर १५ ते १८. हिशेब दहाने करा आणि पंधरा टक्के शिल्लक ठेवा.

रंकाळा, बिंदू चौक, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) अशी गावातली फिरती दिवसाला दहा-बारा किलोमीटर होत असेल तर १५० वॉट-अवर पुरतात. गोकुळ शिरगाव एमआयडीसीला कामाला जाणाऱ्याचं जाऊन-येऊन अठरा-वीस किलोमीटर होतं, त्याला २५० लागतील. पण कामाच्या जागी प्लग मिळत असेल तर १५० मध्येही भागतं. दुसरा चार्जर तिथल्या ड्रॉवरमध्ये ठेवला की रोज किलोभर जास्तीची बॅटरी वागवावी लागत नाही. बॅटरी मोठी करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं, तरी सहसा कुणाला सुचत नाही.

पन्हाळ्याचा विषय वेगळा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आणि पन्हाळा साडेनऊशेच्या वर, म्हणजे चढ किमान चारशे मीटरचा. माणूस, सायकल, पाणी मिळून शंभर किलो धरले, तर नुसतं वर उचलायलाच १०९ वॉट-अवर लागतात. मोटर आणि कंट्रोलरमध्ये जाणारी ऊर्जा धरली की दीडशेच्या पुढे. वीसेक किलोमीटरचं अंतर तोडायचं ते वेगळंच. २५० वॉट-अवरच्या बॅटरीवर, पायही इमानदारीने चालवले, तर वर पोचता येतं. १५० च्या बॅटरीवर मात्र वाघबीळ ओलांडल्यावर पायांचीच भिस्त. वर्षातून दोनदा पन्हाळा करायचा म्हणून उरलेले ३६३ दिवस जड बॅटरी वागवू नका.

सेल: इथे घाई नको

पॅकचं नाव ‘१०एस२पी’ असं असतं: दहा सेल एकामागे एक आणि प्रत्येक ठिकाणी दोन शेजारी. शेजारचे सेल करंट वाटून घेतात. मोठ्या बॅटरीत चार-पाच शेजारी असतात, म्हणून तिथे कुठलाही सेल चालून जातो. लहान बॅटरीत एक नाहीतर दोन, त्यामुळे प्रत्येकावरचा ताण वाढतो.

सेलचे स्वभाव दोन. काहींच्या पोटात जास्त मावतं, पण ते हळूहळू देतात. काहींत कमी मावतं, पण मागाल तेव्हा जोरात देतात. सॅमसंग ३५ई हा पहिल्या जातीचा: साधारण ३.४ एएच, सलग ८ अँपिअर. सॅमसंग ३०क्यू मधला: ३ एएच, १५ अँपिअर. दोन्ही १८६५० मापाचे, म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब आणि ४५ ते ५० ग्रॅम वजनाचे. २१७०० मापाचे सेल जरा थोराड, ७० ग्रॅमचे. त्यांत सॅमसंग ५०ई पाच एएचचा आणि सलग पावणेदहा अँपिअर देणारा, तर मोलिसेल पी४२ए ४.२ एएचचा आणि ४५ अँपिअरपर्यंत देणारा.

आता १५ अँपिअरच्या कंट्रोलरला हे लावून बघू. ३५ईचा १०एस२पी पॅक म्हणजे वीस सेल, नुसत्या सेलचं वजन एक किलो, तयार पॅक सव्वा ते दीड किलो, साठा सुमारे २४५ वॉट-अवर. मर्यादा १६ अँपिअर आणि मागणी १५ ची. कागदावर बसतं, पण कटोकट. प्रत्येक सेलमधून साडेसात अँपिअर जातात आणि सेलचा आतला रोध ४० मिलिओहमच्या आसपास धरला तर सेलमागे ०.३ व्होल्ट पडतात, दहांचे मिळून ३. बॅटरी भरलेली असताना ४२ चे ३९ झाले तर कळतही नाही. पण पंधरा-वीस टक्के चार्ज उरला असताना, सेल ३.४ वर म्हणजे पॅक ३४ वर असतो, तेव्हा चढावर तो थेट ३१ वर बसतो. कंट्रोलर तिथेच हात वर करतो. थ्रॉटल सोडलं की व्होल्टेज वर येतं, पुन्हा दिलं की पुन्हा बंद. शेवटचे वीस टक्के सपाटीलाच कामाचे.

तोच १०एस२पी ३०क्यूमध्ये बांधला तर साठा २१६ वर येतो, पण पडणारं व्होल्टेज दोनच्या आसपास राहतं आणि सेल तापत नाहीत. चढ असलेल्या रस्त्यावर हा पॅक प्रत्यक्षात ३५ईच्या बरोबरीने जातो आणि जास्त वर्षं टिकतो. सव्वा-दीड किलोत एकच घ्यायचा तर हाच घ्यावा.

आणखी हलकं हवं असेल तर पी४२एचा १०एस१पी: दहाच सेल, ७०० ग्रॅम, तयार पॅक किलोभर, १५१ वॉट-अवर. १५ अँपिअर त्याच्या खिजगणतीतही नाहीत. एवढीशी बॅटरी सायकल ओढताना बघून कुणीही ‘नाद खुळा’ म्हणेल. फक्त नऊ-दहा एएचच्या अपेक्षेने घेऊ नका. उजळाईवाडीहून विमानाने जाणाऱ्यांना आणखी एक फायदा: १०० ते १६० वॉट-अवरची सुटी लिथियम बॅटरी विमान कंपनीची आधी परवानगी घेऊन केबिनमध्ये नेता येते. २५० ची कुठेच नेता येत नाही, ना केबिनमध्ये, ना सामानात.

याउलट ३५ईचा किंवा ५०ईचा १०एस१पी पॅक या कंट्रोलरला कुणी देऊ केला तर सरळ नको म्हणा. कंट्रोलर प्रोग्रॅम करता येत असेल आणि करंट सातवर आणणार असाल तरच तो चालेल, आणि मग चढावर पायांना काम आहे.

लोहयुक्त एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलही विचारात घ्यायला हरकत नाही. ३२७०० मापाचे ६ एएचचे बारा सेल म्हणजे ३८.४ व्होल्ट, २३० वॉट-अवर. पाऊणेक किलो वजन जास्त, पण उष्णता जास्त सोसतात आणि दीड-दोन हजार चार्ज काढतात. सायकल तळमजल्यावरच राहणार असेल तर हे जास्त शहाणपणाचं. मात्र याचा चार्जर ४३.८ व्होल्टचा आणि साध्या लिथियम-आयनचा ४२ चा. घरात दोन्ही असतील तर चार्जरला वेगळ्या रंगाची टेप गुंडाळा. ४३.८ चा चार्जर ४२ च्या पॅकला लागला की मधे फक्त बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवून गरज पडली की जोडणी तोडणारं सर्किट, उभा राहतो.

यूपीएसच्या १२ व्होल्ट ७ एएचच्या तीन बॅटऱ्या जोडायचा सल्ला अजूनही मिळतो. तिन्हींचं वजन साडेसहा किलोच्या आसपास, आणि १५ अँपिअर ओढल्यावर त्यांतले सातही एएच हाती लागत नाहीत. घडीच्या सायकलवर याची चर्चाही नको.

घेताना तपासणी: आधी वजनकाटा, मग दिवे

खोटा माल ओळखायला मोठी साधनं लागत नाहीत. तयार पॅक किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. किलोमधलं वजन गुणिले १९० यापेक्षा जास्त वॉट-अवर त्या पॅकमध्ये असणं कठीण. १.८ किलोचा पॅक ‘३६ व्होल्ट १४ एएच’ म्हणून दाखवत असतील, तर ५०४ भागिले १.८ म्हणजे किलोला २८०. चांगले १८६५० सेल सुटे तोलले तरी किलोला २४५-२५० च्या आसपास येतात. त्यात डबा, वायरी आणि बीएमएस धरून २८० कुठून येणार? तसंच ९८०० एमएएच छापलेला १८६५० सेल. तो हातात घेतला तरी हलका लागतो.

पॅक बांधून घेणार असाल तर सेलचा मेक आणि मॉडेल बिलावर लिहून घ्या. सेलवर किंवा खोक्यावर आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक बघा. पॅक निळ्या आवरणात बंद होण्याआधी त्याचा फोटो मागा. फोटोत सगळे सेल एका रंगाचे, एका छापाचे, प्लॅस्टिकच्या होल्डरमध्ये बसवलेले आणि निकेलच्या पट्टीने स्पॉट-वेल्ड केलेले दिसले पाहिजेत. सेलच्या टोकाला थेट सोल्डरचा डाग दिलेला दिसला तर तो पॅक घेऊ नका. त्या उष्णतेने सेलच्या आतली सीलं आणि पडदे खराब होतात. पट्टी निकेलची की निकेल चढवलेल्या लोखंडाची, हे कळायला एक तुकडा कानशीने घासून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी तांबूस गंज दिसला की उत्तर मिळालं. लोखंडी पट्टी जास्त तापते आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात लवकर सडते.

साठा मोजायला गाडीच्या हेडलाइटचे १२ व्होल्ट ५५ वॉटचे तीन हॅलोजन बल्ब स्पेअर पार्टच्या दुकानातून आणा. तिन्ही एकामागे एक जोडले की ३६ व्होल्टचा लोड तयार होतो आणि तो साडेचार ते पाच अँपिअर ओढतो. बल्ब चांगलेच तापतात, म्हणून शहाबादी फरशीवर किंवा टाइलवर, पडद्यापासून दूर मांडा. पॅक पूर्ण चार्ज करून, मधे वॉटमीटर घालून बल्ब लावा आणि ३२ व्होल्टला बंद करा. सात एएचच्या खऱ्या पॅकला सुमारे दीड तास लागतो. पाऊण तासात आटोपलं तर सेल जुने आहेत किंवा आकडा खोटा आहे. प्रयोग चालू असताना शेजारी बसून राहा आणि दर दहा मिनिटांनी पॅकला हात लावून बघा. एकच कोपरा गरम लागत असेल तर तिथला सेल किंवा वेल्ड कच्चा आहे.

हे सगळं पॅक परत करण्याची मुदत असतानाच करा.

बीएमएस, फ्यूज, वायर

बीएमएस सलग २० अँपिअरचा घ्या. १५ अँपिअरच्या कंट्रोलरला १५ चाच लावला तर चढावर तो आधी तापतो, मग तोडतो. तापमानाचा सेन्सर सेलमध्ये खोचलेला असावा, बीएमएसच्या पाठीवर चिकटवलेला नव्हे. स्वस्त बीएमएस सेलची बरोबरी चार्जच्या अगदी शेवटी आणि हळूहळू करतो, त्यामुळे महिन्यातून एकदा चार्जरचा दिवा हिरवा झाल्यावरही तास-दोन तास जोडणी राहू द्या.

फ्यूज पॅकच्या पॉझिटिव्ह वायरवर, पॅकपासून दहा सेंटिमीटरच्या आत, २० अँपिअरचा. गाडीचा साधा ब्लेड फ्यूज ३२ व्होल्टसाठी असतो. ४२ व्होल्टला तो वितळला तरी मधे ठिणगीची कमान टिकून राहू शकते. ५८ व्होल्ट डीसी किंवा त्याहून वरचा मागून घ्या.

वायर १४ गेजची सिलिकॉन आवरणाची. घराच्या वायरिंगची पीव्हीसी वायर ताठ असते, घड्या घालून घालून आतून तुटते. बॅटरी रोज काढ-घाल होणार, आणि प्रत्येक वेळी जोडताना कंट्रोलरमधल्या कपॅसिटरमुळे चटकन ठिणगी उडते. साध्या एक्सटी६० कनेक्टरच्या पितळी टोकांवर त्याने काळे खड्डे पडत जातात, मग जोड तापू लागतो. ठिणगीरोधक एक्सटी९०-एस वापरा. मादी टोक बॅटरीकडे. उघड्या पिनांचं टोक बॅटरीकडे ठेवलं तर पिशवीतली किल्ली शॉर्ट करायला पुरेशी आहे.

जागा आणि बिजागरी

घडीच्या सायकलला बाटलीसारखी बॅटरी बसवायला तिरपी नळी बहुधा नसतेच, आणि मधल्या बिजागरीतून जाडी वायर नेली की ती कधीतरी चेमटते. मोटर पुढे असेल तर बॅटरी आणि कंट्रोलर दोन्ही पुढच्या, हँडलखालच्या नळीवर पकडलेल्या पिशवीत ठेवा. मग बिजागरी ओलांडून जाते ती फक्त पायडल सेन्सरची बारीक वायर. मोटर मागे असेल तर सगळं सीटखालच्या पिशवीत, आणि पुढे जातात ते थ्रॉटल-ब्रेकचे धागे. जाड करंट बिजागरीपलीकडे न्यायचाच नाही. बारीक वायरीलाही तिथे दहा-बारा सेंटिमीटरचा सैल वेढा ठेवा, वीस वेळा घडी घालून-उघडून बघा आणि मगच टाय आवळा.

पिशवी हँडलवर टांगू नका. दीड किलो वजन हँडलबरोबर फिरलं की लहान चाकांची सायकल डगमगते. वजन फ्रेमच्या नळीवर हवं. त्यासाठी तीन मिलिमीटर ॲल्युमिनियमची पट्टी आणि दोन यू-बोल्ट पुरतात, उद्यमनगरात मापाने करून मिळतं. ऑर्डर देण्याआधी पॅकचा आकार ठरवा: होल्डरसकट वीस १८६५० सेल पाच-चारच्या मांडणीत साधारण १०० बाय ८० बाय ७० मिलिमीटर होतात, अर्ध्या विटेपेक्षाही लहान. बीएमएसला एका बाजूला आणखी पंधरा मिलिमीटर सोडा. सस्पेन्शन नसलेल्या वीस इंची चाकांवर प्रत्येक खड्डा थेट वेल्डपर्यंत पोचतो, म्हणून चारही बाजूंनी पाच मिलिमीटर फोम हवाच.

पाऊस, चार्जिंग, साठवण

निळं आवरण म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे. पाणी टोकाकडून आत शिरतं आणि बाहेर येत नाही. मग बीएमएसच्या बारीक वायरी गंजतात, एक जोडी सेल उतरत जाते आणि दोन महिन्यांनी ‘बॅटरी अचानक गेली’ म्हणतात. पिशवीला रबरी अस्तर हवं, वायर पिशवीच्या तळाकडून बाहेर काढून खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे पाणी झोळावरून गळतं. परीख पुलाखाली पाणी साचलं असेल तर दुसऱ्या रस्त्याने जा. हब मोटरचा ॲक्सल बुडाला की पाणी वायरीच्या वाटेने आत जातं. पुराच्या पाण्यात बुडालेला पॅक सुकला तरी पुन्हा चार्ज करू नका. घराबाहेर, मोकळ्या जागी ठेवा आणि बॅटरी कचरा स्वीकारणाऱ्याकडे द्या.

चार्जर २ अँपिअरचा पुरे. सात एएचला चार तास. मे महिन्यात उन्हातून आल्याबरोबर लावू नका, अर्धा तास निवू द्या. चार्जिंग गॅसजवळ, गादीवर किंवा जिन्याच्या तोंडाशी नको. फरशीवर, माणूस जागा असताना. रोज ४१ व्होल्टला थांबवलं तर सेल जास्त टिकतात, लांब जायचं त्या दिवशी ४२ पर्यंत भरा.

पावसाळ्यात सायकल दोन महिने उभी राहणार असेल तर पॅक ३७ व्होल्टच्या आसपास ठेवा आणि कंट्रोलरपासून सोडवा. बंद डिस्प्लेही थोडाथोडा करंट ओढत राहतो. महिन्यातून एकदा मीटर लावा. ३५ च्या खाली दिसलं तर तासभर चार्ज करा. २५ च्या खाली गेलेला पॅक मात्र चार्जरला लावून ‘जिवंत होतो का’ बघण्याच्या फंदात पडू नका.